आत्ताची वीज आत्ताच!

ओळख बघू, दोस्ता! तू पंख्याचं बटण दाबलंस आणि पंखा फिरला. त्याला मिळालेली वीज कधी तयार झाली असेल? काल? आज सकाळी?

छे! आत्ता! अगदी याच क्षणी! कदाचित चंद्रपूरच्या कोळशावर, कदाचित कोयनेच्या पाण्यावर.

तारांमध्ये वीज साठून राहत नाही. बॅटऱ्या असतात, पण अख्ख्या देशाच्या भुकेपुढे त्या अजून चिमुकल्याच. म्हणून जेवढी हवी तेवढीच वीज करायची. तीही क्षणाक्षणाला!

आता एक पंगत डोळ्यांसमोर आण. नियम असा, की पुरी कढईतून निघाली की थेट ताटात! कुणी ताटकळायचं नाही आणि एकही पुरी उरायची नाही. जेवायला बसलाय सगळा देश! आचाऱ्यांची काय तारांबळ होईल, सांग!

त्यात चुलीही निरनिराळ्या. कोळशाचं वीजकेंद्र म्हणजे भलीमोठी चूल. एकदा गार पडली की पुन्हा तापायला कित्येक तास! पाण्याचं केंद्र म्हणजे गॅसची शेगडी. काही मिनिटांत तयार! मग सगळ्या पुऱ्या शेगडीवरच का नाही तळायच्या? धरणातलं पाणी मोजकंच असतं ना, म्हणून!

मग कोणती चूल कधी पेटवली, तर खर्च सगळ्यात कमी येईल? या कोड्यावर जगभरचे संशोधक कितीतरी वर्षं डोकं लढवतायत. आणि कोडं आहेच तसं भन्नाट!

बघ हं. एक चूल चालू असेल किंवा बंद. म्हणजे 2 शक्यता. दोन चुलींच्या 4, तीन चुलींच्या 8. दहा चुलींच्या? 1,024! आणि शंभर चुलींच्या? तो आकडा 31 अंकी आहे! संगणकाने सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासल्या, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दोन हजार पटींहून जास्त वेळ लागेल. बाप रे!

मग संशोधक काय करतात, ठाऊक आहे? बहुतेक जुळण्या तपासतच नाहीत! समज, दहांपैकी दोन मोठ्या चुली बंद ठेवल्या तर पुऱ्या पुरणारच नाहीत. मग त्या दोन्ही बंद असलेल्या 256 जुळण्या एका फटक्यात बाद! असं छाटत छाटत गणित आवाक्यात येतं. मला तर ही युक्ती फार आवडते.

आणि हे कोडं एकदाच सोडवून भागत नाही. आपल्याकडे दर 15 मिनिटांचं वेगळं वेळापत्रक ठरतं. दिवसाचे 96 तुकडे!

5 एप्रिल 2020 ला तर कमालच झाली. कोरोनामुळे लॉकडाउन होता. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री 9 वाजता लोकांनी 9 मिनिटं घरातले दिवे मालवले. इंजिनिअरांचा अंदाज होता, विजेची गरज 12 ते 14 हजार मेगावॅटनी घटेल. घटली किती? सुमारे 31 हजार! पाव पंगत अचानक हात धुवायला उठावी, तसं!

पण शेगड्या सज्ज होत्या. पाण्याच्या केंद्रांनी झरझर वीज कमी केली आणि दिवे लागताच झरझर वाढवली.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. गरज आणि पुरवठा यांचा मेळ बिघडला की हा आकडा लगेच हलतो. त्या रात्री तो किती हलला, माहितेय? 49.7 ते 50.26. बस्स, एवढाच!