वजन झालं, चाल राहिली

मूल उशिरा चालतंय म्हटलं की घरात पहिला आधार पांगुळगाड्याचा, दुसरा मामाचा. 'मामावर गेलाय, तोही असाच उशिरा चालला,' एवढं बोललं की विषय मिटायचा.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या हाती काटा आला. दर महिन्याला मूल झोळीत टांगायचं, तक्त्यावर ठिपका मांडायचा. भूक कागदावर दिसू लागली, हे काम मोठंच. पण नजर काट्यावरच खिळली. मूल झोळीपर्यंत आलं कसं, चालत की कडेवर, याचा रकाना तक्त्यात नव्हता.

1991 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये 17 टप्प्यांचा एक साधा तक्ता तयार झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी वयाच्या रेषेवर पेन्सिल उभी धरायची. डावीकडचं काही राहिलं असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं. 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची वाढीची नवी मानकं आली. त्यामागच्या सहा देशांच्या अभ्यासात दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला 8.2 ते 17.6 महिने. काही धडधाकट मुलं तर रांगलीच नाहीत. म्हणजे घाई नको म्हणणाऱ्या आजीचं फार चुकत नव्हतं. फक्त तिच्या धीराला शेवटची तारीख नव्हती. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर दाखवायलाच हवं.

2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्या पालघरातून झाली. वर्षातून दोनदा तपासणी पथक अंगणवाडीत येऊ लागलं. तपासणीत जन्मजात दोष, आजार आणि कमतरतांबरोबर विकासातला विलंबही आला. हे यायला अडतीस वर्षं लागली, हे मला अजून खटकतं.

पथक येतं आणि जातं. रोज मूल पाहते ती सेविका. पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरणारं, सतत चवड्यांवर चालणारं, काल जमत होतं ते आज विसरलेलं मूल तिच्याच डोळ्यांत भरतं. चार वर्षांचा एखादा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतो, जिन्यात मागे राहतो. ही स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजाराची खूण असू शकते. अशा मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसतात. घरचे म्हणतात, अंगाने चांगला आहे. काट्यावरही त्याचं वजन व्यवस्थित भरतं.