चीनला जायचं, पण खायचं काय?

खान्देशात परदेशी सहलीची चर्चा दोन प्रश्नांवर अडते. पहिला खर्चाचा आणि दुसरा, 'तठे खावाले काय भेटी भो?' दुबई-थायलंडच्या बाबतीत दुसरा प्रश्न टूरवाल्याच्या थाळीवर मिटतो. चीन, तैवान, हाँगकाँगचं नाव निघालं की मात्र कुणीतरी साप, बेडूक, वटवाघूळ मोजायला घेतं आणि विषय बंद होतो. इतिहासाची गोडी असलेली, अजिंठा पाच वेळा पाहिलेली माणसंही मग त्या बाजूला फिरकत नाहीत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जिभेला तिखटाची सवय, घरात गव्हाच्या चिकाची ओळख आणि उशाशी अजिंठा असलेल्या माणसाला ही सहल इतर कुणाहीपेक्षा जास्त मानवेल. त्याआधी काही समजुती तपासून घ्याव्या लागतील.

'शाकाहारी माणूस तिथे उपाशीच'

चीनमध्ये मांसाहार सर्रास आहे, हे खरंच आहे. पण त्याच देशात बौद्ध विहारांचा शाकाहारी स्वयंपाक दीड हजार वर्षांपासून चालत आला आहे. लिआंग घराण्याचा सम्राट वू (कारकीर्द इ.स. 502 ते 549) याने भिक्षूंनी मांस खाऊ नये असा आग्रह धरला आणि तिथून विहारांच्या भटारखान्यांनी वेगळी वाट धरली. आजही छंग्दूच्या वन्शू विहारात, श्यामेनच्या नान्पुथुओ मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं. शांघायचं 'कुंग्तलिन' हे शाकाहारी उपाहारगृह 1922 पासून चालू आहे.

जळगावच्या जैन आणि मारवाडी घरांसाठी यात आणखी एक सोय आहे. विहारातल्या स्वयंपाकात कांदा, लसूण, पातीचा कांदा यांना मज्जाव असतो. वर्ज्य पाच पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगाचंही नाव सापडतं. म्हणजे तिथला कडक बौद्ध आपल्या आमटीतला हिंगही नाकारेल! मात्र अळंबी, आलं, कमळाचे कंद यांवर तिथे बंदी नाही, उलट तेच मुख्य घटक. कंदमुळं न खाणाऱ्यांनी ते आधीच विचारून घ्यावं.

तैवानमध्ये काम सर्वांत सोपं आहे. तिथे पाकीटबंद शाकाहारी पदार्थावर तो कोणत्या प्रकारचा, हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे: निव्वळ वनस्पतिजन्य, दूध असलेला, अंडं असलेला, दोन्ही असलेला, किंवा कांदा-लसूण असलेला. शाकाहारी खाणावळींच्या पाट्यांवर बऱ्याचदा स्वस्तिक दिसतं. ते बौद्ध चिन्ह म्हणून असतं, पण आपल्या माणसाला भर बाजारात ते दिसलं की हायसं वाटतं.

खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होते. 'मांस नको' एवढंच सांगितलं तर समोरचा मनापासून मदत करतो आणि मासा, अंडं किंवा वरून भुरभुरलेला खिमा घालून आणतो, कारण त्याच्या लेखी मांस म्हणजे मोठे तुकडे. ऑयस्टर सॉस, कोंबडीची पावडर, सुकी कोळंबी, जुन्या खाणावळींत डुकराची चरबी ही मंडळी भाजीतही लपलेली असतात. तेव्हा मांस, मासे, अंडी, कोळंबी, ऑयस्टर सॉस आणि चरबी नको, असं सविस्तर वाक्य चिनी लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा. मुख्य भूमीसाठी सोप्या लिपीत आणि तैवान-हाँगकाँगसाठी पारंपरिक लिपीत, अशी दोन कार्डं केलीत तर उत्तम.

'आपल्या गाडीवर मिळतं तेच चायनीज'

चाळीसगाव असो की शिरपूर, संध्याकाळी लाल कंदिलांची गाडी लागते आणि तिच्यावर मंच्युरियन मिळतंच. मंच्युरियाला ते ठाऊक नाही. हा पदार्थ मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये केला, असं सांगितलं जातं. ते कोलकात्यात वाढलेले. आपलं लालभडक शेजवानही सिच्वान प्रांताचं फक्त नाव घेऊन उभं आहे. खऱ्या सिच्वान चवीत मिरचीइतकंच महत्त्व जीभ बधिर करणाऱ्या एका दाण्याला असतं. तो कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे. मिरची आणि शेंगदाणा, ज्यांच्याशिवाय खान्देशी रस्सा होत नाही, ते दोन्ही अमेरिका खंडातून तिकडेही आले आणि इकडेही. भरपूर तेल, सुकी मिरची आणि शेंगदाणे ही सिच्वानमधल्या छंग्दूची त्रयी भुसावळच्या माणसाला परकी वाटणार नाही. तिथली वांग्याची एक प्रसिद्ध भाजी आहे, जिचं नाव माशाच्या सुगंधावरून पडलंय, पण तिच्यात मासा नसतो. खिमा मात्र असू शकतो, तेव्हा विचारा. भरिताच्या वांग्याला जीआय मानांकन मिळवणाऱ्या जळगाव जिल्ह्याने ती चाखून बघायलाच हवी.

'चिनी लोक भात खातात' हीसुद्धा अर्धीच गोष्ट. उत्तर चीन गव्हावर जगतो. शीआनमध्ये ल्यांगपी नावाचा थंड पदार्थ गल्लोगल्ली मिळतो, आणि तो समजायला खान्देशी बाईला पाच मिनिटंही लागणार नाहीत. कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते ठेवून दिलं की तळाशी सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून देतात, उरलेलं दाट सत्त्व पसरट ताटलीत पातळ पसरून वाफवतात, गार करून पट्ट्या कापतात. हा गव्हाचा चीकच झाला. आपण गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक काढतो, तो शिजवतो आणि कुरडया घालून उन्हात टाकतो; चिनी लोक तो वाफवून ओलाच खातात. फरक उरलेल्या भागात आहे. धुतल्यावर हातात राहणारा चिवट गोळा ते वाफवतात, त्याचे स्पंजासारखे तुकडे करतात आणि पट्ट्यांवर घालतात. वर काकडी, व्हिनेगर, मीठ, लसणाचं पाणी आणि मिरचीचं तेल. लसूण नको म्हटलं तरी बिघडत नाही. बहुतेक ठिकाणी यात मांस नसतं.

'चिनी भाषा म्हणजे चीन देश'

चिनी बोलणारी माणसं हाँगकाँग, मकाव, तैवान, सिंगापूर आणि मलेशियातही आहेत. हाँगकाँग-मकावात कँटोनीज बोलतात, मलेशियातल्या पेनांगच्या गल्ल्यांत होक्किएन. मँडरिन बोलणाऱ्याला या बोली ऐकून कळतातच असं नाही. आपल्याला महत्त्वाचं हे की व्हिसाचे कायदेही वेगवेगळे आहेत. मकावला भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला 14 दिवसांसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. चीन, तैवान आणि सिंगापूरचं प्रकरण स्वतंत्र. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चीनचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन मधेच हाँगकाँग फिरून येणं. हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडलात असं धरतात. परत आत जायला दुसरा प्रवेश लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या सरकारचं संकेतस्थळ पाहावं, भाच्याने पाठवलेला व्हिडिओ नव्हे.

पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबाला मी पेनांग सुचवेन. तिथलं जॉर्जटाऊन आणि मलेशियातलंच मलाक्का ही शहरं 2008 मध्ये एकत्र जागतिक वारसा यादीत आली. जॉर्जटाऊनमध्ये चिनी कुलांची घरं, तमिळ देवळं आणि मशिदी चालत्या अंतरावर आहेत. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तिथे नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भक्त पांढरे कपडे घालतात, नऊही दिवस शाकाहार पाळतात आणि शाकाहारी गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात. बहुतेक वर्षी हा उत्सव आपल्या नवरात्रातच पडतो. त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक महिना वेगवेगळ्या वर्षी आला की मात्र महिनाभराची तफावत पडते, 2025 मध्ये तसं झालं होतं. धुळ्यात एकवीरेच्या दर्शनाला रांगा लागलेल्या असताना समुद्रापलीकडेही नऊ दिवसांचं व्रत चाललेलं असतं, ही गंमत प्रत्यक्ष पाहण्याजोगी आहे.

मकाव 1844 पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज कारभाराखाली होतं, म्हणून तिथे बेबिंका नावाचा गोड पदार्थ भेटला तर दचकू नका. त्यात अंडं असतं एवढं ध्यानात ठेवा.

आणि पासपोर्ट नसेल तर? भुसावळहून हावड्याची गाडी पकडा. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात पहाटे चिनी न्याहारी मांडली जाते, टांगरा भागात हक्का चिनी कुटुंबांचे चामड्याचे कारखाने आणि पुढे हॉटेलं उभी राहिली, आणि अठराव्या शतकात साखर कारखाना काढणाऱ्या टोंग आच्यूच्या नावावरून पडलेलं अचिपूर हे गाव हुगळीकाठी आहे. न्याहारीत डुकराचं मांस जास्त असतं, हे शाकाहाऱ्यांनी गृहीत धरावं.

'त्यांचा इतिहास वेगळा, आपला वेगळा'

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो. इ.स. 641 च्या सुमारास चिनी भिक्षू युआन श्वांग महाराष्ट्रात आला, तेव्हा गादीवर चालुक्य राजा दुसरा पुलकेशी होता. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करत नाहीत, असं त्याने नोंदवलं. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला एक विहार आणि त्याच्या दाराबाहेरचे दगडी हत्ती यांचंही वर्णन त्याने केलं. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात, आणि 16 क्रमांकाच्या लेण्यापाशी ते हत्ती आजही आहेत. तो स्वतः तिथवर पोचला की ऐकीव माहिती लिहिली, यावर मतभेद आहेत. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. त्याने मायदेशी नेलेल्या 657 ग्रंथांसाठी 652 मध्ये शीआनला उभारलेला मनोरा, मोठा हंस पॅगोडा, अजून उभा आहे. मातीच्या सैनिकांची सेना पाहायला सगळेच शीआनला जातात. ती 1974 मध्ये विहीर खणताना सापडली. पण आपल्या माणसाने दिवसाचा पहिला पहर पॅगोड्याला द्यावा.

शीआनहून वेगवान रेल्वेने दीडेक तासावर लोयांग आहे. तिथला श्वेताश्व विहार परंपरेने इ.स. 68 चा मानला जातो आणि त्याची कथा भारतातून आलेल्या दोन भिक्षूंची आहे. त्याच आवारात सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर भारताने एक मंदिर बांधून दिलं. मे 2010 मध्ये त्याचं लोकार्पण तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. त्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या. जळगावकरांच्या सहलीत लोयांग नसेल तर सहल आखणाऱ्याने अभ्यास केलेला नाही.

वेळ आणि पैसा असेल तर तुन्हुआंगची मोगाव लेणी पाहावीत. अजिंठ्याची चित्रं डोळ्यांत असलेल्यालाच तिथला फरक दिसतो. पर्यटकांची रोजची संख्या मर्यादित आहे, पासपोर्टच्या नावाने आधी नोंदणी करावी लागते. बीजिंगला जाणाऱ्यांनी जवळच्या शिच्याच्वांगला थांबावं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी 32 वर्षांचे असताना चीनमध्येच वारले. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचं स्मारक आहे.

'मोबाईल आहे ना, मग सगळं होतं'

चीनच्या मुख्य भूमीवर गुगल नकाशा आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर बहुधा चालतात. रोख आणि कार्डापेक्षा अलीपे किंवा वीचॅटवर जास्त भिस्त असते, त्यात आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, पण ते घरून निघण्याआधी जोडा. हाँगकाँग, तैवान, सिंगापूरला ही अडचण नाही.

'शाळेला सुट्टी लागली की निघू'

1 मे पासूनचे काही दिवस, 1 ते 7 ऑक्टोबर आणि चिनी नववर्षाचा आठवडा, या काळात अख्खा चीन प्रवासाला निघतो. रेल्वे मिळत नाही, वारसास्थळांवर माणसांचीच भिंत असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा दिवाळीत निघणाऱ्याला हवाही बरी मिळते. 26 ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झालं आहे. ग्वांगचौ, शीआन, लोयांग आणि परत शीआनहून वेगवान रेल्वेने साडेतीन-चार तासांत छंग्दू, असा मार्ग इतिहास आणि जेवण दोन्हींना न्याय देतो. ग्वांगचौचं जेवण मात्र आपल्याला सपक लागेल; ठेच्याची बरणी तिथे उघडा, छंग्दूला तिची गरज पडणार नाही.

टूर कंपनीकडे गेलात तर किती ठिकाणं दाखवणार हे नंतर विचारा. आधी विचारा, 'स्थानिक शाकाहारी जेवणं किती?' 'सोबत महाराज येतो, तिन्ही त्रिकाळ वरणभात' असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका. वरणबट्टी जळगावात जास्त चांगली मिळते.