किनेरेतचा वारा आणि वसंतातली मासेमारी

पुरीम झाला, थंडी ओसरली, की आपल्यापैकी पुष्कळांना किनेरेतची ओढ लागते. पेसाखची सुट्टी, हिरवे डोंगर, आणि ताज्या मासळीचे नाव काढले की बेने इस्राएल माणूस घरात बसून राहत नाही. अलिबाग, रेवदंडा, नवगाव इकडच्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ही आवड बरोबरच आणली. पण कोकणचा दर्या वेगळा आणि हे गोड्या पाण्याचे तळे वेगळे. तळे म्हणून कुणी त्याला हलके समजू नये, यासाठी हा लेख.

किनेरेत सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. पाण्याची पातळी मात्र समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली. पूर्वेला गोलानचे पठार, पश्चिमेला गॅलिलीचे डोंगर, आणि मध्ये ही खोल परात. डोंगरावरून उतरणारा वारा या परातीत जोराने कोसळतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. इथेही तोच प्रकार. उन्हाळ्याच्या दिवसांत भूमध्य समुद्रावरचा वारा दुपारी इथवर पोचतो आणि सकाळी आरशासारखे असलेले पाणी तासाभरात खवळते.

वसंतात याहून वाईट म्हणजे शारकिया, पूर्वेचा वारा. १९९२ च्या मार्चमध्ये अशाच वादळात तीन मीटरपर्यंत उंच लाटा तिबेर्या गावात शिरल्या होत्या. दुसरा धोका हमसीनचा. दोन-तीन दिवस अंग भाजणारी कोरडी हवा असते, आणि ती मोडते तेव्हा वारा एकाएकी फिरून पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून हमसीन मोडण्याचा अंदाज असेल त्या दिवशी होडी काढूच नये.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. तिबेर्याच्या बाजूला उभे राहा आणि वारा पश्चिमेचा असू द्या. काठाजवळ पाणी शांतच दिसेल, कारण वारा आपल्या पाठीमागून येतो. होडी मजेत पुढे जाते. मध्यावर गेल्यावर लाटा मोठ्या होतात आणि परत यायचे तर वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावे लागते. एन गेवच्या बाजूला शारकिया हेच करतो. तेव्हा पाठीवरचा वारा फसवा, हे मुलांनाही सांगून ठेवा. हवा भरलेल्या रबरी होड्या आणि गाद्या तर वाऱ्यावर पाचोळ्यासारख्या जातात. त्या या कामाच्या नाहीत.

मासा मात्र वाऱ्याला भीत नाही. लाटा ज्या काठावर आपटतात तिथे गाळ ढवळतो, खाणे वर येते, आणि मासे तिकडे जमतात. हलका वारा असेल तर काठापासून सुरक्षित अंतरावर नांगर टाकावा. तो नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा, म्हणजे तोंड लाटेकडे राहते. बाजूला किंवा मागे बांधला तर लाट आत येते. दोरी खोलीच्या निदान तिप्पट सोडावी. गळ वाऱ्याच्या दिशेने फेकावा, शिसे नेहमीपेक्षा थोडे जड लावावे. उभे राहून फेकायचे नाही. जीवरक्षक जाकीट अंगात घालायचे, बाकाखाली ठेवायचे नाही.

आता मिळते काय? अमनूनच्या एकाहून अधिक जाती आहेत. ब्रेडच्या किंवा कणकेच्या गोळीला जो येतो तो बहुधा साधा अमनून. हॉटेलात मिरवणारा गॅलिलीचा अमनून मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म शेवाळ खातो, त्यामुळे गळाला कमी लागतो. बिनीला किडा किंवा लहान मासळी आवडते, कार्पला मक्याचा दाणा. लवनून लहान, तो जाळ्याचा मासा. बुरी इथे अंडी घालत नाही, त्याची पिल्ले बाहेरून आणून सोडतात. आणि स्फामनून गळाला लागला तर कापडाने धरून परत सोडावा, त्याच्या परांना काटा असतो. त्याला खवले नाहीत, म्हणून तो आपल्याला चालत नाही. आपल्या आया-आज्या शिंगाळा आणि मुशी टोपलीतून वेगळी काढत, तोच हा नियम.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. गॅलिलीच्या अमनूनची मादी आणि नर दोघेही अंडी तोंडात धरून जपतात. वसंतात जोडीतला एक धरला की त्याच्या तोंडातली अंडीही गेली. एके काळी किनेरेतमधून वर्षाला शेकडो टन अमनून निघे. २००८ च्या सुमारास तो दहा टनांच्याही खाली आला होता. बारीक जाळी, पाणकावळे, घटलेले पाणी अशी कारणे सांगतात. म्हणून अलीकडे विणीच्या काळात, साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, मासेमारीला बंदी असते. पेसाख उशिरा आला तर बंदी सणातच सुरू होते. हुकूम दर वर्षीचा असतो. तेव्हा तारखा, कोणता भाग, गळवाल्यांना काय मुभा आणि होडीला कोणता परवाना लागतो, हे आधी विचारून मगच निघावे.

काही जण कुरकुरतात की सणाला मासा नाही म्हणजे काय! आम्ही त्यांना एवढेच म्हणू की कोकणात कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच दर्यात उतरतात. तिथे पोटाचा प्रश्न असूनही ते थांबतात. आपल्याला तर हौसेपुरते थांबायचे आहे. आमटीत नारळाचे दूध घालायला बाजारातला तळ्यात वाढवलेला अमनूनही चालतो. नातवंडांना किनेरेतचा मासा मिळावा असे वाटत असेल, तर तोंडात अंडी धरलेली जोडी पाण्यातच राहू द्यावी.

सर्वांना पेसाखच्या शुभेच्छा. हाग सामेयाख!