स्लोचा स्क्रू

पळस्पे फाटा सोडून गाडी गोव्याच्या दिशेला लागली की थोड्याच अंतरावर शिरढोण येतं. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले. त्यांचा वाडा बघायला थांबणारे थोडे, रस्त्याकडेला बॉनेट उघडून थांबणारे बरेच. पुढे कर्नाळ्याची खिंड आहे आणि गणपतीच्या दिवसांत तिथवर गाड्यांची रांग लागते. या रांगेत इंजिनांचं पितळ उघडं पडतं.

त्याला कारण आहे. पाय रेसवर असतो तेव्हा इंजिन भरपूर हवा ओढत असतं, त्यात एखाद्या चिरेतून थोडी जास्त शिरली तरी फरक कळत नाही. गाडी उभी राहिली की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. इंजिन कसंबसं चालेल एवढीच हवा आत जाते आणि चोरवाटेने येणारी हवा त्यात मोठी वाटेकरी होते. म्हणून ऐंशीच्या वेगात गुणी वाटणारी गाडी सिग्नलला घुरघुरते, थरथरते किंवा रेस न देताच किंचाळत राहते.

शिरढोणजवळच्या ज्या गॅरेजात मी हे काम बघत बसलो, तिथल्या मालकाला सगळे मिस्त्रीच म्हणतात. समोर होती चार सिलिंडरची जुनी हॅचबॅक, रेसची केबल असलेली. इंजिन गरम झाल्यावर आरपीएमचा काटा साडेआठशेच्या आसपास यायला हवा. हिचा सतराशेला अडकलेला. मधूनच बाराशेला पडायचा, पुन्हा चढायचा. गाडीच्या मालकाने आधीच्या गॅरेजात प्लग बदलून घेतले होते, एअर फिल्टरही नवा टाकला होता.

“मिस्त्री, स्कॅनर लावा ना.”

“लावतो शेठ. आधी फॅन सुरू होऊ द्या.”

रेडिएटरचा फॅन फिरेपर्यंत मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. थंड इंजिन बाराशे-पंधराशेवर चालणं हा दोष नव्हेच. गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम तसं चालवतो. त्या वेळात जे जुळवाल ते गरम झाल्यावर बिघडणार. एवढी वाट न बघता पाना हातात घेणारा माणूस मला तरी मेकॅनिक वाटत नाही.

फॅन लागला. आधी रेसची केबल बोटाने हलवली. थोडी ढिली होती, म्हणजे झडप केबलने ओढून धरलेली नाही. मग स्कॅनर. त्यावर कोड आला पी ०५०७. त्याचा अर्थ, स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, अपेक्षेपेक्षा जास्त आहे. हे तर काटाच सांगत होता! कामाची गोष्ट दुसऱ्या पानावर होती. स्लो सांभाळणारी जी मोटर झडपेला वळसा घालून हवा सोडते, ती पूर्ण मिटून बसली होती. कॉम्प्युटर आपल्या हातातली हवा बंद करून मोकळा झाला होता, तरी इंजिनला हवा मिळत होती. कुठून, ते यंत्र सांगत नाही.

इथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आत आलेली हवा थेट मोजली जात नाही. इंजिनला हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बघून कॉम्प्युटर तिचा अंदाज बांधतो. चिरेतून हवा शिरली की दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोलही जास्त सोडतो आणि इंजिन छान पळू लागतं, नको तेव्हा. मग त्याच्या लक्षात येतं की झडप मिटलेली असूनही आरपीएम चढलाय. गाडी उतारावर सोडली असावी असं समजून तो पेट्रोल तोडतो. काटा पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू, काटा पुन्हा वर. काट्याचा तो झोका असा तयार होतो. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर पुढे बसवलेला असतो, तिथे हीच चीर इंजिनला उपाशी ठेवते, आणि ते चढण्याऐवजी थरथरतं.

मिस्त्रींनी चिंधी गुंडाळलेली पक्कड घेतली आणि एकेक रबरी पाईप दाबत गेले. ब्रेक बूस्टरचा दाबला, काटा हलला नाही. कॅनिस्टरचा दाबला, तोही नाही. ब्रीदरचा पाईप मॅनिफोल्डखाली वळतो तिथे दाबला आणि इंजिनचा आवाज एकदम खाली आला. कान जवळ नेल्यावर कुकरच्या सैल रबरातून वाफ निसटावी तसा बारीक फुसकारा मलाही ऐकू आला. रबर वळणावर कडक होऊन तडकलं होतं. जोडावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारेही असतात. मिस्त्री पाण्याची बाटली वापरतात. पाण्याने चीर क्षणभर बुजते, आवाज बदलतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर आग लागायची भीती नसते.

नवा पाईप चढवला. काटा बाराशेवर येऊन थांबला. मालक खूश, मिस्त्री नाही. त्यांनी टॉर्च थ्रॉटल बॉडीवर धरला. झडपेच्या स्टॉप स्क्रूवरचा कंपनीचा रंग तुटलेला.

“हा कुणी फिरवला?”

मालकाने सांगितलं, पावसाळ्यात एसी लावला की गाडी बंद पडायची, तेव्हा एका गॅरेजात ‘स्लो सेट’ करून दिला होता. तेव्हाचा खरा आजार झडपेच्या कडेला साठलेला कार्बन होता. तो साफ करण्याऐवजी स्क्रूने झडपच थोडी उघडी ठेवली गेली. ही खोड कार्ब्युरेटरच्या काळातली. १९८३ च्या मारुती ८०० पिढीत तो स्क्रू फिरवणं हेच कौशल्य होतं आणि जाणकार ते कानाने करत. इंजेक्शनच्या गाडीत मात्र त्या स्क्रूवरून ‘झडप मिटली’ हे कॉम्प्युटरला कळतं. तो हलवला की खूणच खोटी होते. मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी उतरवून धुतली, रंगाच्या तुटलेल्या कडा जुळेपर्यंत स्क्रू मागे नेला, कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली आणि इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं. काटा साडेआठशे.

शेजारी थरथरणारी सीएनजी टॅक्सी होती. तिचं प्रकरण लवकर उरकलं. पेट्रोलवर घेतली तर थरथर कमी झाली. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे प्लग-कॉइलचा अशक्तपणा आधी गॅसवर दिसतो. पेट्रोलवरच एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघितलं; तिसऱ्याचं काढल्यावर इंजिनला फारसा फरक पडला नाही, म्हणजे तोच सिलिंडर आळशी. त्याची कॉइल पहिल्यावर लावली, तर आळसही पहिल्यावर गेला. कॉइल बदलली.

गणपतीला कोकणात निघणार असाल तर आधी घराजवळच गाडी पूर्ण गरम करा, एसी लावा आणि उभ्या गाडीत पाच मिनिटं काटा बघा. हजाराच्या वर अडकत असेल किंवा झोके घेत असेल तर गॅरेज गाठा. तिथे कुठला पार्ट बदलायचा ते सांगू नका. गाडी थंड असताना बिघडते की गरम, एसीवर की एसीशिवाय, पेट्रोलवर की गॅसवर, एवढं नीट सांगा, आणि स्लोचा स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका.