ब्रिटिशकालीन हवाई तळांवरील दैनंदिन जीवन (महाराष्ट्र)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजच्या महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी ब्रिटिशांचे हवाई तळ व धावपट्ट्या होत्या. पुण्याजवळील लोहगाव (स्थापना १९३९), नागपूरचे सोनेगाव आणि बिरसी (१९४०) ही त्यांपैकी काही होत. पवनीप्रमाणेच बिरसीही तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे.

== दिनक्रम ==
उन्हाळ्यात विमानाचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापत असे. त्यामुळे दुरुस्तीची कामे शक्यतो पहाटे सुरू करून दुपारपूर्वी उरकली जात. सैनिक बराकीत किंवा तंबूत, मच्छरदाणी लावलेल्या चारपाईवर झोपत. घरच्या पत्रांची ओढ मोठी असे. पत्राचे सूक्ष्मचित्र काढून विमानाने पाठवण्याची 'एअरग्राफ' सेवा त्यासाठी वापरली जाई.

== आरोग्य ==
हिवताप हा मोठा शत्रू होता. १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्याने क्विनीनचा पुरवठा तुटला आणि त्याऐवजी मेपाक्रीनच्या गोळ्या देण्यात येऊ लागल्या. त्यांच्या नियमित सेवनाने कातडी पिवळसर होत असे. सूर्यास्तानंतर बाह्या खाली सोडण्याचा नियम होता.

== स्थानिक कामगार ==
तळाचे दैनंदिन जीवन धोबी, भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले, न्हावी व चहावाले यांच्या श्रमांवर चाले. त्यांच्याशी होणाऱ्या व्यवहारातून 'चार' (चहा), 'धोबी', 'चारपॉय' आणि 'डेक्को' (देखो) हे सैन्यात आधीपासून रुळलेले शब्द वैमानिक व तंत्रज्ञांच्याही तोंडी बसले. या कामगारांची नावे मात्र लष्करी इतिहासात क्वचितच आढळतात.

== असंतोष ==
युद्ध संपल्यावरही मायदेशी पाठवणी लांबत गेल्याने आणि राहणीमान निकृष्ट असल्याने सैनिकांत नाराजी पसरली. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळील ड्रिग रोड तळावर, उन्हात जाड निळा गणवेश घालून संचलन करण्याच्या आदेशाचे निमित्त झाले व संप सुरू झाला. तो भारतातील आणि भारताबाहेरील अनेक तळांवर पसरला. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत भारतीय नौसैनिकांचा उठाव झाला.

== सद्यस्थिती ==
लोहगाव आज भारतीय हवाई दलाचा तळ असून तेथूनच पुण्याची नागरी विमानसेवा चालते. सोनेगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, तर बिरसी येथे वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते.