वीज पडावी तर अल्मेंड्रोवर!

पावसाळ्यात झाडाखाली थांबू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण वीज अंगावर घेणाऱ्या झाडाचे पुढे काय होते? घनदाट जंगलात असे झाड हुडकणेच मुश्कील. ते पेटतेच असे नाही. बरेचदा महिनोन्‌महिने वाळत मरते.

पनामा कालव्याच्या वाटेवर बारो कोलोरॅडो हे बेट आहे. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, तेव्हा पाण्याबाहेर उरलेला हा डोंगरमाथा. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या केंद्रात संशोधक इव्हान गोरा आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे व संवेदक लावून प्रत्येक विजेचा माग काढला आणि वीज पडलेल्या ९३ झाडांवर नजर ठेवली. २०२५मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या शोधपत्रिकेत त्यांनी निष्कर्ष मांडले: इतर जातींची ६४ टक्के झाडे दोन वर्षांत मेली; अल्मेंड्रोची मात्र नऊच्या नऊ तगली.

अल्मेंड्रो म्हणजे डिप्टेरिक्स ओलिफेरा. कुळ आपल्या तूर-हरभऱ्याचेच, पण उंची चाळीस मीटरपर्यंत आणि लाकूड पाण्यात बुडेल इतके जड. शेंगेत एकच बी, तेही दगडासारख्या टणक कवचात. अगूती हा कुरतडणारा प्राणी ते जमिनीत पुरून ठेवतो. त्याच्या पोटात न गेलेल्या बियांतून नवी रोपे उगवतात.

विजेचा या झाडाला चक्क फायदाच होतो. त्याला वेढणाऱ्या महावेली ७८ टक्क्यांनी घटतात. वीज शेजारच्या झाडांवरही उडते आणि एका तडाख्यात सरासरी नऊ झाडे मरतात. डोक्यावरचा भार उतरतो, ऊन मोकळे होते. या साऱ्यामुळे अल्मेंड्रोची आयुष्यभराची बीजनिर्मिती चौदापट वाढत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याचे लाकूड विजेला कमी विरोध करत असावे, त्यामुळे आत उष्णताही कमी निर्माण होत असावी, असा त्यांचा कयास आहे.

करवतीपुढे मात्र हा पठ्ठ्या हतबल आहे. कोस्टा रिकातला मोठा हिरवा मकाव पोपट प्रामुख्याने याच्याच ढोलीत घरटे करतो आणि याच्याच बियांवर बराचसा जगतो. झाड तुटले की त्याचे घर आणि अन्न दोन्ही जाते. नोव्हेंबर २०२२मध्ये पनामातच भरलेल्या ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेने डिप्टेरिक्स प्रजातीचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश केला. त्यामुळे आता तिच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवाना लागतो.