माळा किती उंच बांधावा?

भात पोटरीला आले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या डोंगराकाठच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातो, गवे बागायतीत शिरतात, भेकर कोवळे शेंडे खुडते. त्यांना परतवण्यासाठी शेतकरी माळा बांधतो: चार खांब किंवा बांधावरचे एखादे धड झाड, त्यावर बांबूचे तळ, डोक्यावर चुडतांचे छप्पर. बांधताना पहिला प्रश्न पडतो तो उंचीचा. जितका उंच तितका बरा, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ही उंची माळ्यावर कोण आणि कशासाठी बसणार यावर ठरते.

अमेरिकेत हरणांची शिकार करणारे झाडावरची बैठक साधारण १५ ते २५ फुटांवर टांगतात. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आजूबाजूची हालचाल ते चटकन टिपते, पण डोक्यावरच्या फांदीकडे त्याचे लक्ष कमी जाते. शिवाय उंचावरच्या माणसाचा वास काही अंतर हवेतच वरून निघून जातो. आपल्याकडेही मचाणावरून शिकार करण्याची जुनी रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, शिवाय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. त्यामुळे आज गोव्यात उंचावर बसण्याची रास्त कारणे दोनच उरतात: पिकाची राखण आणि प्राण्यांचे निरीक्षण.

या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. राखणदाराला लपायचे नसते. शेतात माणूस आहे हे डुकराला वासावरून, आवाजावरून, उजेडावरून कळावे, हाच त्याचा हेतू असतो. म्हणून राखणीचा माळा फार उंच लागत नाही. आठ-दहा फुटांवरून सगळे कुणगे नजरेत येतात, विजेरीचा झोत बांधापर्यंत पोचतो आणि गरज पडली तर चटकन उतरता येते. थोराड गवा खांद्यापर्यंत जवळपास सहा फुटांचा असतो आणि त्याचे वजन आठशे-हजार किलोंपर्यंत जाते. त्यामुळे गव्यांच्या वाटेवर उंचीपेक्षा खांबांची मजबुती मोलाची. खांब खोल पुरलेले आणि एकमेकांना तिरक्या दांड्यांनी आवळलेले हवेत.

निरीक्षकाला मात्र अदृश्य व्हायचे असते. महाराष्ट्रात ताडोबा, मेळघाट अशा जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गप्रेमी बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. वाघांची शास्त्रीय मोजणी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, तरी मचाणावरची रात्र लोकांना जंगल शिकवते. अशा बैठकीला पंधरा-वीस फुटांची उंची उपयोगी पडते.

पण वाऱ्याकडे दुर्लक्ष केले तर ही उंची वाया जाते. पेडण्यासारख्या समुद्राजवळच्या तालुक्यात दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, तर रात्री उशिरा जमीन थंड झाली की तो उलटा, डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. दऱ्यांत थंड हवा उतारावरून खाली ओघळते. संध्याकाळी वाटेच्या पूर्वेला बसलेल्या माणसाचा वास जनावरापासून दूर जातो, पहाटे तोच वास थेट वाटेवर येतो. म्हणून बैठकीचे झाड निवडताना उंचीआधी वाऱ्याचा विचार करावा लागतो.

उताराचा हिशेब तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही. समजा, २५ अंशांच्या उतारावरच्या झाडाला १५ फुटांवर बैठक बांधली. त्या झाडापासून दहा मीटर वर डोंगराच्या बाजूला जमीनच साधारण साडेचार मीटर, म्हणजे १५ फूट उंच झालेली असते. तिथून उतरणारे भेकर बसलेल्या माणसाच्या थेट समोर येते. अशा जागी आणखी वर चढण्यापेक्षा पानांची दाट आड असलेले झाड शोधणे शहाणपणाचे.

फार उंच गेल्याचे तोटेही आहेत. खालच्या फांद्यांचा पडदा नजरेच्या आड येतो, जवळचे जनावर वरून नुसते पाठीसारखे दिसते आणि वाऱ्यात झाड जास्त हलते. सर्वांत मोठा धोका पडण्याचा. तीन मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, सहा मीटरवरून सुमारे ३९ किलोमीटर वेगाने. उंची दुप्पट झाली की आघाताची ऊर्जाही दुप्पट होते. अमेरिकेत शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर इजांचे एक मोठे कारण झाडावरच्या बैठकीवरून पडणे हेच आहे, म्हणून तिथे अंगभर पट्टा बांधूनच चढण्याचा आग्रह धरला जातो. आपल्याकडे ठिसूळ लाकडाच्या काजूवर, गेल्या वर्षीच्या झिजलेल्या सुंभावर विसंबून माणसे रात्र काढतात.

आता या भागात हत्तीही आला आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या मोर्ले गावात काजूबागेत गेलेल्या शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये कळपापासून सुटलेला ‘ओंकार’ हा तरुण नर हद्द ओलांडून पेडण्यात आला आणि मोपा, तांबोसे, तोरसे परिसरात त्याने भातशेती आणि बागायतीची नासधूस केली. पूर्ण वाढलेला नर हत्ती सोंड वर करून पंधरा-सोळा फुटांपर्यंत सहज पोचतो आणि मध्यम झाड ढकलून पाडू शकतो. त्याच्यापुढे दहा फुटांचा माळाही सुरक्षित नाही आणि वीस फुटांचाही नाही.

राखणदारांनी म्हणूनच काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. हंगामाआधी प्रत्येक खांब, फांदी आणि दोर तपासावा, जुने सुंभ बदलावे. वर चढण्याआधी कमरेचा नव्हे, अंगभर पट्टा खोडाला बांधावा. विजा कडाडू लागल्या की खाली उतरून पक्के घर गाठावे. आणि हत्तीची वर्दी आली असेल, तर त्या रात्री माळ्यावर जाऊच नये. वन खात्याला कळवावे आणि घरी थांबावे. गेलेल्या पिकाची भरपाई मागता येते. ती वेळेत आणि पुरेशी मिळाली, तरच शेतकरी जिवावर उदार होऊन माळ्यावर चढणार नाही. ही जबाबदारी सरकारने घेतलीच पाहिजे.